कराडचे वकील यशवंतराव

प्रश्न : यशवंतराव चव्हाण वकील होते ना? मग त्यांची वकिली कुठे गेली?

उत्तर : कराडलाच सुरू झाली, पण तिला वेळच मिळाला नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेला, लहानपणीच वडील गमावलेला हा मुलगा १९३२ मध्ये तुरुंगात गेला, १९४१ मध्ये एलएलबी झाला. पुढच्याच वर्षी 'चले जाव'! वकीलसाहेब भूमिगत. १९४६ मध्ये ते विधानसभेवर गेले आणि कोर्ट सुटलं ते सुटलंच.

मला मात्र त्यांची १९५७ ची निवडणूक सर्वांत मोलाची वाटते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे भलेभले पडले. मुख्यमंत्री असलेले यशवंतराव तरीही कराडलाच उभे राहिले, रोष अंगावर घेतला आणि थोडक्या मतांनी निवडून आले.