देवराई जगवायची आहे? आधी कुदळ बाजूला ठेव

गावच्या देवराईसाठी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानासाठी, काही करावंसं वाटतंय असं तू लिहिलंस, ते वाचून फार बरं वाटलं. आमच्या कोकणातल्या राईत मी बरीच वर्षं राबतोय, म्हणून सुरुवातीपुरतं सांगतो.

पहिल्याच पावसात झाडं लावायला धावू नकोस. आधी गुरव आणि मानकऱ्यांना भेट, देवापुढे नारळ ठेव, कौल लाव, म्हणजे देवाची परवानगी माग. याला नुसता उपचार समजू नकोस. देवाच्या रानातली वाळकी काडीही घरी न्यायची नाही, या नेमानेच राई टिकली. तो नेम गावाने पुन्हा चारचौघांत बोलून दाखवला की अर्धं काम झालं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- स्वच्छता म्हणून पालापाचोळा झाडून जाळतात. तो पाला हाताने बाजूला करून बघ. खाली काळी ओलसर माती, पांढरी बुरशी, बेहड्याचे कोंब. पुढची राई तीच, आणि खालच्या शेतांसाठी पाणीही तिथेच मुरतं.
- गुलमोहर, अकेशिया लावतात. ही बाहेरून आणलेली झाडं, राईत नको.
- देवळाभोवती काँक्रीट ओततात. आम्हीही सभामंडपासाठी दोन जुनी झाडं तोडू दिली, ते अजून सलतं.

पहिली दोन वर्षं फक्त गुरं आणि वणवा आवर. होळीच्या आधीच कडेने जाळरेषा काढ, म्हणजे वणवा आत शिरू नये म्हणून मोकळा पट्टा. रोपं लावायचीच झाली तर त्याच राईतल्या बियांची: सातवीण, हिरडा, जांभूळ. रोपवाटिकेचं पुढच्या वर्षी बोलू.