क्लेझमर शिकताय? सुरुवात अशी करा

क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लोकसंगीत. व्हायोलिन आधीच येतंय ना? मग निम्मं काम झालं. फक्त क्लेझमॅटिक्ससारख्या आजच्या बँडच्या वेगामागे लगेच धावू नका. आधी नफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह टॅरस यांची न्यूयॉर्कमधली १९२०च्या दशकातली क्लॅरिनेटची रेकॉर्डिंग्ज कान देऊन ऐका.

- फ्रेगिश सप्तक: रे, ध, नी कोमल, ग शुद्ध. म्हणजे बसंत मुखारीचेच स्वर. पण आलापी नको, हे मुळात लग्नात नाचायचं संगीत!
- क्रेख्त्स: स्वर सुटता सुटता हुंदक्यासारखा तुटतो. नवशिके तो जिथे तिथे पेरतात आणि धून रडकी होते. ओळीत एखादाच पुरे.

नोटेशन फक्त सांगाड्यापुरतं. एकच बुल्गार (क्लेझमरमधली नाचाची धून) घ्या, सावकाश घोटा. लयीच्या बाकी भानगडी नंतर बघू.