व्यावसायिक डार्ट्स खेळाडू म्हणून आयुष्य काढता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ १९ वर्षांचा, रोज पाच-सहा तास डार्ट्स खेळतो, एकशेऐंशी (तीन डार्टमध्ये मिळू शकणारे जास्तीत जास्त गुण) सर्रास मारतो, आणि आता बाकी सगळं सोडून यातच उतरायचं म्हणतो. ल्यूक लिटलरचं नाव दिवसातून चार वेळा घेतो. यात खरंच पोट भरतं का?

भरतं. काहींचं तर उतू जातं. पण लिटलरला आधी बाजूला ठेवा. तो १६ व्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला, १७ व्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, ती जिंकून ५ लाख पौंड घेऊन आला. त्याच्याकडे बघून भावाचं भविष्य ठरवणं म्हणजे १६ व्या वर्षी कसोटी खेळलेल्या सचिनकडे बघून आपल्या पोराची दहावी बुडवणं.

मी स्वतः व्यावसायिक खेळाडू कधीच नव्हतो. कामानिमित्त काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो, तिथे पबच्या लीगमध्ये खेळायचो. आमच्या संघात एक जण होता, ज्याच्याकडे पूर्वी दोन वर्षं टूर कार्ड होतं. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. या धंद्याबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि तो एकशेऐंशीबद्दल फारसं बोलायचाच नाही. बोलायचा ते हिशेबाबद्दल.

टूर कार्ड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळं त्यावर अडतं. पीडीसी या संस्थेच्या मुख्य टूरवर फक्त १२८ जणांना जागा असते. कार्ड मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे क्यू-स्कूल: जानेवारीत, एक इंग्लंडमध्ये आणि एक जर्मनीत. शाळा नाव असलं तरी तिथे कुणी काही शिकवत नाही. सोळा पूर्ण झालेला कुणीही फी भरून उतरू शकतो, आणि शेकड्यांनी उतरतात. कार्ड मिळालं की दोन वर्षं तुमचं. दोन वर्षांनी तुम्ही क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये असाल तर राहतं, नसाल तर जातं, आणि पुन्हा जानेवारीत त्याच रांगेत उभं राहायचं.

ही रांग कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. रेमंड व्हॅन बार्नेवेल्ड हे नाव भावाला माहीत असेलच. हेगचा पोस्टमन, पाच वेळा जगज्जेता. २००७ ची अंतिम फेरी फिल टेलरविरुद्ध त्याने अगदी शेवटच्या लेगला (लेग म्हणजे ५०१ पासून शून्यापर्यंतचा एक डाव) जिंकली, आजही लोक तिची आठवण काढतात. २०१९ च्या अखेरीस तो निवृत्त झाला, मग करमेना म्हणून परत आला. परत आला तो क्यू-स्कूलमधून, २०२१ मध्ये, सगळ्यांसारखे सामने खेळून.

आता क्रमवारी. टेनिससारखे गुण वगैरे इथे नाहीत. गेल्या दोन वर्षांत क्रमवारीच्या स्पर्धांमध्ये जेवढे पौंड जिंकले, तेवढी तुमची जागा. आणि दोन वर्षं झाली की ते जुने पौंड यादीतून गळतात. खर्चून कधीच संपलेले असतात, पण यादीत ते अजून तुमच्या नावावर उभे असतात, आणि ठरलेल्या तारखेला पुसले जातात. खेळाडू याला 'पैसे राखणं' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एखाद्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली असेल तर यंदा तिथे पहिल्या फेरीत हरणं म्हणजे नुसती हार नाही, वर घसरगुंडीसुद्धा.

रॉब क्रॉसचं बघा. इलेक्ट्रिशियन होता. कार्ड मिळाल्याच्या पहिल्याच वर्षी, १ जानेवारी २०१८ ला, तो जगज्जेता झाला. समोर होता फिल टेलर, आपला शेवटचा सामना खेळत. निकाल ७-२, बक्षीस ४ लाख पौंड. पुढची दोन वर्षं ते ४ लाख त्याला क्रमवारीत वर धरून होते. ते गळायची वेळ आली त्या जागतिक स्पर्धेत तो आपला पहिलाच सामना ३-० असा हरला. मधल्या काळात त्याने २०१९ ची वर्ल्ड मॅचप्ले ही मोठी स्पर्धा जिंकून ठेवली होती म्हणून निभावलं. ती नसती तर काय, हा विचार तुम्हीच करा. आता तर जागतिक विजेत्याचं बक्षीस १० लाख पौंडांवर गेलंय, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही आणखी उभे झालेत. (टीव्हीवर फेब्रुवारीपासून मेपर्यंत दर गुरुवारी दिसणारी ती आठ जणांची प्रीमियर लीग यात धरतच नाहीत. तिचे पैसे खरे, पण क्रमवारीत शून्य.)

पूर्वी असे पैसे नव्हतेच. १९९० मध्ये सिंगापूरच्या पॉल लिमने जागतिक स्पर्धेत नऊ डार्टमध्ये ५०१ संपवले, त्याचं ५२ हजार पौंडांचं खास बक्षीस त्याला मिळालं. त्या वर्षीच्या जगज्जेत्याला मिळाले २४ हजार!

टीव्हीवर तुम्हाला दिसतं ते जागतिक स्पर्धेचं लंडनमधलं अलेक्झांड्रा पॅलेस, गाणी, विचित्र पोशाखातले प्रेक्षक. कार्डवाल्याचं बरंचसं वर्ष जातं ते प्लेयर्स चॅम्पियनशिप नावाच्या स्पर्धांत. २०२५ मध्ये अशा ३४ झाल्या. एक मोठा हॉल, ओळीने लावलेले बोर्ड, प्रेक्षक नाहीत. सकाळी १२८ जण आत जातात, संध्याकाळी एक जिंकतो. पहिल्या फेरीत आधी सहा लेग जिंकेल तो पुढे, चांगली चालली तर ती पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. हरलात तर मिळणारी रक्कम शून्य. कमी नाही, शून्य. पेट्रोल, विमान, हॉटेल, जेवण सगळं आपलं. आमचा तो दोस्त म्हणायचा, हॉटेलच्या खोलीत दुपारी एक वाजता परत येऊन पलंगावर बसलो की भिंतीवर बोर्ड नाही याचंच बरं वाटायचं. त्याची बायको वहीत दोन रकाने लिहायची, गेले आणि आले. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यानंतर तिने ती वही त्याच्यासमोर उघडायचं बंद केलं. कार्ड गेलं, तो पुन्हा प्लंबिंगच्या कामाला लागला. आणि हे सांगताना तो हसत होता, रडगाणं नव्हतं ते.

म्हणूनच नोकरी चट्कन सोडू नये असं तिथले जुने लोक सांगतात. ल्यूक हम्फ्रीस छपरांची कामं करायचा. तोही पुढे जगज्जेता झाला, २०२४ मध्ये. मोठ्या मंचावर त्याला भीतीचे झटके यायचे आणि त्याबद्दल तो उघडपणे बोललेला आहे.

तर आता खेळाकडे येतो. भाऊ एकशेऐंशी मारतो हे छान आहे, पण त्याने पैसे मिळत नाहीत. पैसे डबलवर मिळतात, म्हणजे दुप्पट गुणांच्या पट्टीवर, कारण लेग डबलनेच संपवावा लागतो. बोर्डापासून रेघ २.३७ मीटरवर, बाहेरच्या कडेची डबलची पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर रुंद. ट्रेबल ट्वेंटी (विसाची तिप्पट) हुकला तर बहुतेक वेळा वीस तरी पदरात पडतात. डबल बाहेर हुकला तर काहीच नाही, आणि समोरचा मागे उभा राहून तुमच्या पाठीकडे बघत असतो.

मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. सरावात माझं सगळं छान जुळायचं. लीगच्या सामन्यात ३२ उरले की कोपर आखडायचं. मग त्या दोस्ताने मला सोळाच्या डबलचं गणित समजावलं, जे त्याच्या मते पोरांना पहिल्या दिवशी शिकवायला हवं. ३२ वर सोळाचा डबल. डार्ट पट्टीच्या आत, साध्या सोळावर घसरला तर १६ उरतात, आठचा डबल. पुन्हा घसरला, चारचा. मग दोनचा, मग एकचा. म्हणजे चुकत चुकतसुद्धा तुम्ही डबलवरच राहता. उलट ४० वर वीसचा डबल घेतलात आणि आत घसरलात तर २०, पुन्हा घसरलात तर १०, आणि तिसऱ्यांदा घसरलात की उरतात ५. विषम आकडा. आता एक डार्ट नुसता जुळवाजुळवीत जाणार. म्हणून चांगला खेळाडू शंभराच्या आसपास आल्यापासूनच शेवटी काय उरवायचं ते ठरवत येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की नशिबाने सोपं उरलं.

यातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट मात्र वेगळीच आहे. डार्टायटिस. हात पुढे जातो, पण बोटं डार्ट सोडत नाहीत. एरिक ब्रिस्टो, १९८० च्या दशकाचा राजा, पाच जागतिक विजेतेपदं, शेवटचं १९८६ चं. त्याच वर्षाच्या अखेरीला त्याला हे सुरू झालं. आयुष्यभर लाखो वेळा केलेली एक हालचाल, ती हात विसरला. हाडामासात काही बिघाड नाही, सगळा घोळ डोक्यात. २०१७ च्या ग्रँड स्लॅम नावाच्या डार्ट्स स्पर्धेत बेरी व्हॅन पीर या तरुण डच खेळाडूला टीव्ही कॅमेऱ्यांसमोर डार्ट सुटेना, पोरगं रडायच्या घाईला आलं होतं. मी तो सामना बघत होतो आणि माझी स्वतःची मूठ आवळली गेली होती. महिलांमधली बो ग्रीव्हजही यातून गेली आहे, आणि तरी खेळते आहे. नेमकं औषध कुणाकडेच नाही. कुणी पकड बदलतं, कुणी उभं राहणं बदलतं, कुणी काही महिने बोर्डाकडे फिरकत नाही.

ब्रिस्टोची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याने स्टोकमधल्या एका कारखान्यात सिरॅमिकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका माणसाला हेरलं, सुमारे दहा हजार पौंड उधार दिले, आणि अट घातली: नोकरी सोड, पूर्ण वेळ हेच कर. तो माणूस फिल टेलर. १९९० च्या जागतिक अंतिम फेरीत, डार्टायटिसमधून पुरेसा सावरलेल्या ब्रिस्टोसमोर टेलरच उभा राहिला आणि त्याने आपल्या सावकाराला ६-१ ने हरवलं. पुढे एकूण १६ जागतिक विजेतेपदं. पण लक्षात घ्या, नोकरी सोडताना तो तिशीकडे झुकलेला होता आणि मागे पाच वेळचा जगज्जेता उभा होता.

वयाचं मात्र इथे फारसं दडपण नाही, ही तुमच्या भावाच्या बाजूची गोष्ट. टेलर ५७ व्या वर्षी जागतिक अंतिम फेरी खेळून थांबला, वर उल्लेखलेला पॉल लिम सत्तरी ओलांडूनही त्या मंचावर उतरला. पीटर राइट पहिली जागतिक स्पर्धा १९९५ मध्ये खेळला, बरीच वर्षं खेळापासून लांब राहिला आणि २०२० मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जगज्जेता झाला. म्हणजे १९ व्या वर्षी शिक्षण सोडायची घाई कशासाठी, हे मला कळत नाही. १६ ते २४ वयोगटासाठी डेव्हलपमेंट टूर आहे, त्यातूनही कार्ड मिळतं. कार्ड नसलेल्यांसाठी चॅलेंज टूर आहे. आशियातल्यांसाठी वेगळी आशियाई टूर आहे. हे सगळं शिकत असताना, काम करत असताना करता येतं.

तोवर एक करा. त्याला एक वही द्या. महिनाभर रोज ५०१ चे २० लेग खेळायचे, पण एकट्याने नाही, समोर कुणीतरी माणूस हवा, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला थोडे का होईना खरे पैसे द्यायचे. एकशेऐंशी मोजायचेच नाहीत. डबलवर किती डार्ट मारले आणि किती लागले, एवढे दोन आकडे लिहायचे. मोठे खेळाडू दहातले चार लावतात, आणि ते दिवस चांगला असेल तेव्हा. महिन्याच्या शेवटी त्याचे आकडे खाली टिप्पणीत लिहा, मग क्यू-स्कूलच्या फीबद्दल बोलू.