"वाचायलो, पण डोक्यात जाईना": लक्ष उडतं ते नेमकं कुठे?

कॉलेजच्या मुलामुलींकडून एक तक्रार आता इतक्या वेळा ऐकू येते की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. पुस्तक उघडलं, दोन पानं झाली की हात आपोआप मोबाईलकडे जातो, मग अर्धा तास कुठे गेला कळत नाही, मग अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलं की परत मोबाईल. बरेच जण स्वतःचं निदान स्वतःच करून येतात. मला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) आहे, रील्सने माझा मेंदू खराब झालाय, आमची पिढीच गेली. पालकांचं निदान एकाच शब्दात असतं, मोबाईल.

छत्रपती संभाजीनगरला शिकणारा एक मुलगा याच तक्रारीसाठी माझ्याकडे आला होता. बीए सेकंड इयर, विषय समाजशास्त्र. त्याला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वडील गवंडीकाम करतात, आई रोजाने शेतात जाते, घरातून कॉलेजपर्यंत आलेला हा पहिलाच. बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, तास तास वाचायलो, पण डोक्यात काहीच जाईना. सातवी-आठवीत मी हातात पडेल ते वाचायचो, पुडीचा कागदसुद्धा सोडायचो नाही. आता काय झालंय मला?"

त्यात एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी चालू. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे आता पर्याय बघून उत्तर ओळखणं पुरत नाही, जाड पुस्तकं वाचून स्वतःच्या शब्दांत पानंच्या पानं लिहावी लागणार, आणि इथे तर एक प्रकरण संपत नाही. ही भीती त्याच्या बोलण्यात सारखी डोकावत होती.

आधी मी नेहमीच्या गोष्टी विचारल्या, कारण लक्ष न लागण्यामागे झोप, जेवण, उदासी, घरची काळजी, काहीही असू शकतं. हा रात्री दोनपर्यंत जागा आणि सकाळी सातला उठून क्लास. पाच तासांच्या झोपेवर कुणाचंच वाचन नीट होत नाही, हे आधी सांगितलं. एडीएचडीचं म्हणाल तर ते असं रील बघून ठरत नाही. त्याची बरीचशी लक्षणं बाराव्या वर्षाच्या आतच दिसलेली असावी लागतात, तीही घर, शाळा अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी, आणि निदान मानसोपचारतज्ज्ञांसारखे प्रशिक्षित तज्ज्ञच करतात. ह्याच्या लहानपणात तसं काही दिसत नव्हतं. उदासीसुद्धा नव्हती. मित्र होते, क्रिकेट होतं, हसणं होतं, फक्त पुस्तक समोर आलं की घशाशी यायचं.

मग त्याला एक साधं काम दिलं. मोबाईल बंद करू नकोस, रील्स सोडायची शपथ वगैरे तर अजिबात घेऊ नकोस, फक्त जिथे वाचन तुटेल तिथे पुस्तकात पेन्सिलने एक टिंब दे. हात मोबाईलकडे गेला, टिंब. खिडकीबाहेर बघायला लागलास, टिंब. एवढंच.

पुढच्या वेळी तो पुस्तक घेऊन आला आणि आम्ही दोघांनी टिंबं बघितली. मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणातली मोलाची गोष्ट तीच. टिंबं पानभर विखुरलेली नव्हती, ठराविक जागी होती. सहा-सात ओळींचं लांबच लांब वाक्य, त्यात 'स्तरीकरण', 'अधिसत्ता', 'संरचनात्मक' असे शब्द एकापुढे एक आले की तिथे टिंब. ओळखीचं उदाहरण आलं, ऊसतोड मजुरांचं किंवा गावच्या पाणवठ्याचं, की दोन-दोन पानं एकही टिंब नाही. मोबाईलची रिंग वाजल्यामुळे वाचन तुटलंय अशा जागा अगदीच थोड्या. वाचन आधी तुटत होतं आणि मोबाईल नंतर येत होता.

मी विचारलं, ह्या वाक्यापाशी नेमकं काय वाटलं रे? बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "कळंना. आणि कळत नाही म्हणलं की असं वाटतं की आपली लायकीच नाही."

हे त्याने सांगितल्यावर मला पुढचं सगळं दिसायला लागलं. न कळलेलं वाक्य म्हणजे लाज, आणि लाजेपासून एका सेकंदात सुटका करणारी वस्तू खिशात. रील कधीच विचारत नाही की तुला समजलं का. खाली सरकवत राहायचं, पान संपतच नाही, ही रचना आझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये केली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तेव्हा मोबाईल निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, तो मुद्दाम तसाच बनवलाय. पण ह्या मुलाला त्याच्याकडे ढकलत होतं ते न कळलेलं वाक्य, आणि नुसता मोबाईल काढून घेतला असता तर ते वाक्य तिथेच राहिलं असतं.

अजून एक बघा. हा मुलगा २०२१ च्या दहावीच्या बॅचचा, ज्यांची कोरोनामुळे बोर्डाची परीक्षाच झाली नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा तो नववीत. मूल गोष्टीच्या पुस्तकावरून जड मजकुराकडे वळतं ते ह्याच वयात, आणि ते वळण ह्या मुलांनी घरात बसून, एका मोबाईलवर, रेंज शोधत घेतलं. वडिलांनी उसने पैसे घेऊन तो मोबाईल आणला होता अभ्यासासाठी. त्याच जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाल्या. जड वाक्य समोर आलं तर "सर, हे कळलं नाही" म्हणायला सरच समोर नव्हते. मग ती सवय लागणार कशी?

लाजेचा दुसरा पदर मला जास्त लागला. दरवर्षी १४ जानेवारीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, हा दरवर्षी तिथून पैसे साठवून पुस्तकं घेतो. ती होस्टेलच्या फळीवर तशीच रचलेली. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम असतो, त्यातही बसला. "अठरा तास बसलो मॅडम, पण वाचलं किती ते मलाच माहीत. बाबासाहेबांनी कुठल्या परिस्थितीत वाचलं, आणि मला सगळं फुकट मिळतंय तरी..." पुढे बोलता येईना त्याला. ज्या समाजात पुस्तक म्हणजे माणूस म्हणून उभं राहण्याचा रस्ता आहे, तिथे न वाचणं ही साधी आळसाची गोष्ट राहत नाही, आपण ऋण फेडत नाही असं वाटतं. हे ओझं बाहेरच्यांना सहज दिसत नाही.

म्हणून विचारलं, तुझ्या घरात वाचन असं कधी बघितलंस का तू? आणि त्याचा चेहराच बदलला. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, त्यांच्या गावच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन चालतं. सहावीत असल्यापासून वाचायला ह्यालाच बसवायचे, कारण आवाज खणखणीत. समोर बायाबापड्या, म्हातारी माणसं, बऱ्याच जणांना लिहिता-वाचता न येणारी. त्यात ह्याची आजी. आजीला एखादी ओळ कळली नाही की भर सभेत म्हणायची, "थांब रे बाबा, फिरून सांग." हा परत वाचायचा, मग कुणीतरी मोठं माणूस अर्थ सांगायचं, त्यावर दुसरं कुणी शेतातलं उदाहरण द्यायचं आणि मग पुढची ओळ. एका संध्याकाळी दोन-तीन पानं झाली तरी कुणी तक्रार करत नसे.

मी म्हटलं, आजीला लाज वाटायची का रे थांब म्हणताना? तो म्हणाला, "छ्या, तिला कशाची लाज."

आपल्याकडे वाचन बराच काळ असंच तर होतं. श्रावणात पोथी लागायची, एक जण वाचणार आणि बाकीचे ऐकणार, पारावर एकाच्या हातात पेपर आणि भोवती दहा कान. एकट्याने, खोलीत, मनातल्या मनात, भराभर वाचायचं ही रीत पहिल्या पिढीच्या मुलाला होस्टेलवर अचानक भेटते आणि तिथे थांब म्हणायची सोयच नसते. मग जे बुद्धीचं दुखणं वाटतं ते खरं तर एकटं पडल्याचं असतं, असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

तर आम्ही काय केलं ते सांगते. रूममेट भूगोलाचा आहे, त्याची पण हीच रड. दोघांनी रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचायचं ठरवलं, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने कळलं नाही की थांबवायचं. थांबवणं हे त्याचं कामच, त्यामुळे लाजेचा प्रश्न नाही. टिंबाच्या जागी आता प्रश्नचिन्ह द्यायचं आणि ती प्रश्नचिन्हं आठवड्याला सरांकडे न्यायची. सर खूश झाले म्हणे, वर्गात कुणी विचारतच नाही. तेवढा वेळ दोन्ही मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला, बंद नाही, फक्त हाताला लागणार नाहीत असे.

जड विषयाचं तेवढं कागदावर आणलं. टेलिग्रामवरून उतरवलेल्या शेकड्याने पीडीएफ त्याच्याकडे होत्या, त्यातली लागतील तेवढीच प्रकरणं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून घ्यायची. ह्याला आधार आहे, २०१८ साली ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून बघितले गेले तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं, विशेषतः वेळेचं दडपण असताना, आणि गोष्टी-कादंबऱ्यांच्या बाबतीत मात्र तसा फरक आढळला नाही. त्यामुळे कादंबरी मोबाईलवर वाचलीस तर काहीच हरकत नाही असं मी त्याला मुद्दाम सांगितलं. आधी त्याने ते वाचन स्वतःच्या हिशोबात धरलंच नव्हतं! झोप बाराच्या आत, ह्यावर मात्र मी अडून बसले.

मध्ये वडिलांचा फोन आला होता. "मॅडम, साधा डबडा फोन घेऊन देतो त्याला, हा मोबाईल काढूनच घेतो." त्यांची काळजी खोटी नव्हती. पण शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा फॉर्म त्याच मोबाईलवर, ओटीपी त्यावर, क्लासची लेक्चर्स त्यावर, कॉलेजच्या सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर. गावाकडून आलेल्या मुलाची लायब्ररी, ऑफिस आणि बाजार, तिन्ही त्या एका डबीत आहेत, बाजारासाठी लायब्ररी बंद करून कसं चालेल. त्यांना म्हटलं, रोज फोनवर "वाचलं का" एवढंच विचारता ना, त्याऐवजी आज काय वाचलं ते मला समजेल असं सांग म्हणा. ते म्हणाले, मला काय कळणार मॅडम. मी म्हटलं, तुम्हाला कळेपर्यंत त्याला सांगावं लागेल, तोच त्याचा उत्तर लिहायचा सराव. आता कामावरून आल्यावर ते ऐकतात, आणि आजीसारखंच मध्ये थांबवतात म्हणे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाचनासोबत जेवण, झोप, माणसांत मिसळणं सगळंच नकोसं झालं असेल, किंवा हे लहानपणापासून सगळीकडेच होत असेल, तर पेन्सिलच्या टिंबांवर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, जवळ कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मुलाचं म्हणाल तर त्याच्या टिंबांच्या जागा बदलल्यात, संपलेल्या नाहीत. मराठी पुस्तकांत आता प्रकरण पूर्ण होतं, सराव परीक्षेत उत्तरं लांबली आहेत. इंग्रजी संदर्भग्रंथांचं मात्र अजून अजिबात जमत नाही, तिथे पहिल्याच ओळीला टिंब पडतं, आणि तिथे थांबवून अर्थ सांगणारं माणूस रूममध्ये नाही. त्यासाठी इंग्रजीच्या मॅडमशी बोलले आहे, शनिवारी दुपारी तासभर द्यायला त्या तयार आहेत, होस्टेलची अजून चार मुलं येतो म्हणालीत.