'अगदी फोटोच!' म्हणतात, पण मजा येत नाही

प्रश्न : बाई, मी हर्णैला राहते. फोटोवर चौकटी आखून पेन्सिलीने व्यक्तिचित्रं काढते. "अगदी फोटोच!" म्हणून सगळे वाखाणतात. पण हल्ली चित्र पूर्ण झालं की 'सुटले एकदाची' असं वाटतं. मोकळ्या, फटकाऱ्यांच्या चित्रांचा हेवा वाटतो. स्वतः काढायला गेले की नुसती गिचमीड. काय करू?

उत्तर : कंटाळलात यात नवल नाही. काय ठेवायचं, काय गाळायचं हे कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या वाट्याला उरते हमाली.

आणि हर्णैला राहून फोटो कसले शोधता? मासळीच्या लिलावाला जा. होड्यांतला माल घेऊन बैलगाड्या पाण्यातून वर येतात, कुणी म्हणून स्थिर राहत नाही. ढिगापुढे उकिडवी बसलेली एखादी मावशी निवडा. चेहऱ्याकडे जाऊच नका. तुमचा हात लगेच पापण्यांकडे धावेल. मानेपासून कमरेपर्यंत पाठीची कमान एका दमात ओढा. मग टोपलीवर टेकलेला हात. ती उठली? पान उलटा.

गिचमीड होते, कारण काढायचं तेवढंच सगळं, फक्त भरभर, असं तुम्ही करत असणार. सैल हात म्हणजे घाई नव्हे. बघायला भरपूर वेळ घ्या, रेषा मोजक्या ओढा. पाठ जमली तर लुगड्याच्या चुण्या सोडून द्या. डावा पाय दिसला नाही तरी ती बसलेली कळते ना? मग झालं.

खोडरबर घरी ठेवा, टोकदार पेन्सिलही. चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, करंगळीएवढी काडी तिरकी तासून, टोकाला चीर देऊन बोरू करा. शाई संपत आली की त्याची रेष तुटक, खरखरीत उमटते. जाळ्याच्या ढिगाला तीच हवी. फाउंटन पेनची शाई असेल तर ओलं बोट फिरवा, सावली तयार.

चित्रकार व्हॅन गॉगनेही १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये, आर्लला, बोरू हाती धरला होता. त्या जूनमध्ये सँत-मारी-द-ला-मेरच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या त्याने तासाभरात रेखाटल्या. एरवी मोजमापाला तो दोरे ताणलेली लाकडी चौकट वापरायचा, म्हणजे तुमच्या चौकटींची मावसबहीणच. होड्यांच्या वेळी ती वापरली नाही. नंतर घरी येऊन त्याच रेखाटनावरून रंगचित्र केलं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. तेव्हा शाकारून ठेवलेल्या बोटी काढा. हलत नाहीत म्हणून एकेका फळीच्या मागे लागू नका.

घरच्यांना एवढ्यात काही दाखवू नका, "हे कोण?" म्हणतील. त्या मावशीला मात्र दाखवा. "ह्यात माझं तोंड कुठाय?" असं विचारेल, आणि मासळी काही स्वस्त देणार नाही.