सुखाच्या सोबत्यांवर चिनी लोकांत काही म्हणी आहेत का?

भरपूर आहेत. आपल्या 'असतील शिते तर जमतील भुते'ची सख्खी भावंडंच म्हणा ना. 'झंगग्वांग श्येनवेन' नावाचं सुभाषितांचं पुस्तक तिकडे पूर्वी मुलांकडून पाठ करून घेत. मिंग राजघराण्याच्या काळापासून (चौदावं ते सतरावं शतक) चालत आलेलं. त्यातली ही ओळ अजूनही लोकांच्या तोंडी आहे: गरीब भर बाजारात राहिला तरी कुणी विचारत नाही, श्रीमंत डोंगरात जाऊन बसला तरी लांबचे नातेवाईक उगवतात. पुढे असंही म्हटलंय, की पटत नसेल तर मेजवानीत बघा, दारूचा प्रत्येक प्याला आधी पैसेवाल्यापुढेच धरतात. (आपल्या पंगतीत जिलबीचा आग्रह कुणाला होतो, ते आठवा.)

मला मात्र म्हणींपेक्षा त्यामागचे किस्से आवडतात. हान राजघराण्याच्या काळात, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी, झाय गोंग नावाचा न्यायखात्याचा प्रमुख होता. पद होतं तोवर दारात माणसांची रीघ. पद गेलं आणि दारासमोर चिमण्या धरायला जाळं लावावं इतका शुकशुकाट! गिऱ्हाईक नसलेल्या दुकानाबद्दल चिनी लोक आजही हेच शब्द वापरतात. पुढे पद परत मिळालं, मंडळीही परत यायला निघाली. तेव्हा पठ्ठ्याने दारावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं: जीवनमरणात मैत्री कळते, गरिबी-श्रीमंतीत तिची तऱ्हा कळते, मान आला-गेला की ती उघडी पडते.

हा किस्सा नोंदवणारा इतिहासकार सिमा छ्येन स्वतः याच अनुभवातून गेलेला. शत्रूला शरण गेलेल्या सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राट वू त्याच्यावर उखडला. पैसे भरून शिक्षा टाळता आली असती, पण घरात तेवढे नव्हते आणि मित्रांपैकी कुणी सोडवायला आलं नाही. शेवटी त्याला नपुंसक करण्याची शिक्षा भोगावी लागली. 'जवळच्यांपैकी कुणी एक शब्द काढला नाही,' असं त्याने पुढे एका पत्रात लिहिलंय.

झाय गोंगची पाटी वाचून बरं वाटतं, स्टेटसला ठेवावी इतकी. पण मला पटतो तो फंग हुआन. त्याचा धनी मेंगछांग, 'ची' नावाच्या जुन्या चिनी राज्यातला बडा सरदार, पदरी तीन हजार माणसं. पद जाताच सगळी पांगली, फंग हुआन तेवढा राहिला आणि त्यानेच खटपट करून पद परत मिळवून दिलं. मेंगछांग म्हणाला, "आता त्यातला कुणी आला, तर तोंडावर थुंकेन."

फंग हुआन म्हणाला, "सकाळी बाजारात लोक खांद्याने ढकलत शिरतात. दिवस मावळल्यावर त्याच बाजारावरून जातात, पण ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना सकाळ आवडते आणि संध्याकाळचा राग आहे, असं थोडंच आहे? हवी ती वस्तू तिथे उरलेली नसते, एवढंच. त्यासाठी येणाऱ्यांची वाट कशाला तोडता?"

मेंगछांगने दोनदा वाकून त्याचं म्हणणं मान्य केलं.