नव्या पेढीवर बसण्यापूर्वी

चिरंजीवास अस्सलामु अलैकुम.

तुझे पत्र पोहोचले. कोल्हापूरच्या श्री शाहू मार्केट यार्डात गुळाची पेढी सुरू करण्याचा तुझा निर्णय मला मनापासून आवडला. मात्र पत्राच्या शेवटी केलेली विनंती मी पूर्ण करणार नाही. गल्ल्यावर लावण्यासाठी बरकतीचा एखादा तावीज मिळवून द्या, असे तू लिहितोस. अडत दुकानात चाळीस वर्षे दिवाणजी म्हणून वह्या लिहिलेल्या माणसाला तू बरकत म्हणजे काय हे विचारले असतेस, तर मला अधिक बरे वाटले असते. विचारले नाहीस, तरी लिहितो.

हा शब्द तू रोज उच्चारतोस. पूर्ण सलाम करताना आपण समोरच्यासाठी शांती, अल्लाहची दया आणि त्याच्या बरकती मागतो, आणि निकाहानंतर 'मुबारक' म्हणतो तेव्हाही मूळ अरबी शब्दधातू तोच असतो. उंट गुडघे टेकून जागेवर बसतो, त्या बसण्यासाठी अरबीत याच धातूचे क्रियापद आहे, आणि पाणी साठून राहते त्या हौदाला 'बिरका' म्हणतात. म्हणजे चांगले हाती येणे एवढाच बरकतीचा अर्थ नाही. आलेले टिकावे, पुरावे आणि त्यात भर पडावी, हे सगळे त्यात आहे. कोल्हापुरात कोणत्याही धर्माच्या घरात 'पैसा येतो, पण बरकत नाही' हे वाक्य ऐकू येते आणि त्याचा अर्थ कोणाला फोडून सांगावा लागत नाही. माझे आजोबा धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत, त्यामागेही हीच भावना असावी.

कुरआनने पावसाच्या पाण्याला, जैतुनाच्या झाडाला आणि मक्केतील पहिल्या इबादतगृहाला मुबारक म्हटले आहे, पण या प्रत्येकात बरकत ठेवणारा अल्लाहच आहे. ती कागदावर लिहून गल्ल्यात कोंडता येत नाही. आपल्या वागण्याने ती गमावता मात्र येते, आणि कशाने गमावली जाते हे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, व्यापाऱ्यांच्याच भाषेत सांगितले आहे. प्रेषितांचे सहकारी हकीम बिन हिजाम यांनी सांगितलेल्या हदीसनुसार, घेणारा आणि देणारा खरे बोलले आणि मालातील दोष त्यांनी उघड केला, तर त्यांच्या सौद्यात बरकत येते. खोटे बोलले आणि दोष लपवला, तर ती पुसली जाते. दुसऱ्या एका हदीसनुसार, शपथ घेतल्याने माल खपतो, पण बरकत मिटते. एकदा प्रेषितांनी, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि जो फसवतो तो माझा नव्हे, असे सांगितले.

हा ढीग तुला तुझ्या पेढीवर रोज भेटेल. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून गुऱ्हाळावर रस उकळण्याच्या काहिलीत रंग उजळवणारी हायड्रॉस पावडर पडते. केवळ भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ रंगाने गडद निघतो आणि सौद्यात मागे पडतो. रंगाचे कारण गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगणारा अडत्या मी क्वचित पाहिला. मी तरी कोण मोठा लागून गेलो? एका पावसाळ्यात तीस किलोच्या रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, थप्पी परगावच्या व्यापाऱ्याला गेली, तेव्हा खालच्या दोन थरांना पाणी सुटले आहे हे मला ठाऊक होते आणि तरीही मी मान खाली घालून विक्रीची पट्टी लिहिली. त्या व्यापाऱ्याने तक्रार केली नाही आणि पुढेही तो माल घेत राहिला. मालकांचे काही बिघडले नाही, माझेही नाही. पण त्या पट्टीची रक्कम मला आजही पाठ आहे, आणि त्या वर्षी मिळालेल्या बोनसचे काय केले ते मात्र आठवत नाही.

आता उलट बाजू. पहिल्याच हंगामात तोटा आला तर बरकत उठली असे समजू नकोस, आणि शेजारच्या पेढीवर गाड्या लागल्या तर तिथे ती उतरली असेही समजू नकोस. प्रेषितांच्या घरात दोन-दोन महिने चूल पेटत नसे आणि खजूर व पाण्यावर दिवस निघत, असे त्यांच्या पत्नी हजरत आयशा यांनी सांगितले आहे. त्या घराला बरकत नव्हती, असे कोण म्हणेल? गरिबाला कमनशिबी ठरवणारी जी बरकतीची व्याख्या हल्ली ऐकू येते, ती मला मान्य नाही. कुरआनच्या सूरह मरियम या अध्यायात हजरत ईसा, म्हणजे येशू, म्हणतात की मी जिथे असेन तिथे अल्लाहने मला मुबारक केले, आणि अनेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ 'लोकांच्या उपयोगी पडणारा' असा केला आहे.

मी मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकलो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची जी सोय केली, तिचा मी एक लाभार्थी. तिथे आम्ही चौघे एका ताटात जेवत असू. दोघांचे जेवण तिघांना पुरते, या हदीसचा अर्थ मला त्या ताटाने शिकवला, वहीने नाही. तेव्हा हमालांना चहा देताना आपलाही कप त्यांच्याबरोबर घेत जा.

जकातीचे, म्हणजे दरवर्षी संपत्तीतून काढायच्या सक्तीच्या दानाचे, थोडक्यात लिहितो, कारण ते तुला येते: चांद्रवर्ष पूर्ण झाल्यावर अडीच टक्के काढताना शीतगृहात ठेवलेला गूळही त्या दिवसाच्या बाजारभावाने धर. बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. व्याजाने पैसे उचलून साठा करण्याचा मोह होईल तेव्हा सूरह अल-बकराची २७६वी आयत काढून वाच. अल्लाह व्याज मिटवतो आणि दानधर्म वाढवतो, असे तिथे आहे.

भांडवल कमी पडते असे तू लिहिलेस. मक्का सोडून मदिनेत आलेले प्रेषितांचे सहकारी अब्दुर्रहमान बिन औफ यांना मदिनेच्या साद बिन रबी यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, तेव्हा त्यांनी साद यांच्या घरादारासाठी आणि संपत्तीसाठी बरकतीची दुआ केली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. सुरुवात त्यांनी तूप आणि सुकवलेल्या दह्यावर केली.

पेढी उघडशील त्या दिवशी मी फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज आटोपून थेट यार्डात येईन. सकाळच्या वेळेत बरकत मिळावी अशी दुआ प्रेषितांनी केली आहे आणि सौदाही सकाळीच असतो. गल्ल्यावरची खिळ्याची जागा मोकळी ठेव. काटा तपासून घेतला असल्याचा दाखला तिथे लाव, आणि पहिला रवा फोडशील तेव्हा आतला रंग मला दाखव.

तुझा,
चाचा